धावणाऱ्याचा थकवा आणि विसावा



शिरूरहून न्हावऱ्याकडे किंवा दौंडहून पाटसकडे भल्या पहाटे निघालात, तर रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे हमखास दिसतात. कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाला पोलिसात. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ज्याचे गट आपल्या दौंडला आहेत, त्या राज्य राखीव पोलीस दलासाठी तर ५ किलोमीटर. भरती दरवर्षी निघतेच असे नाही, वय मात्र दरवर्षी वाढते आणि घरचे आशेने बसलेले असतात. म्हणून मूल रोज जीव तोडून धावते, आणि नेमके भरतीच्या दिवशी त्याचे पाय उचलत नाहीत. असे का व्हावे?

असे पाहा, जोरकस धावण्याने शरीर बळकट होत नाही. त्या वेळी ते झिजते. स्नायूंत साखरेचा जो साठा असतो तो उपसला जातो, आणि तो पुन्हा भरायला चांगले जेवूनही एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. स्नायूंचे बारीक तंतू दुखावतात. ते सांधले जातात ते विसाव्यात, विशेषतः झोपेत; आणि सांधताना शरीर त्यांना पहिल्यापेक्षा थोडे अधिक चिवट करते. ही वाढ पदरात पडण्याआधीच पुन्हा तेवढाच जोर केला, तर झिजेवर झीज चढते. दिवसभर नांगराला चाललेला बैल रवंथ न करता मान टाकून बसला, तर त्याला कुणी जुंपत नाही. आपल्या पोराला मात्र आपण जुंपतो!

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठणकतात, तेव्हा मुले ‘ॲसिड साठले’ म्हणतात. ते ॲसिड तासाभरात रक्तातून निघून गेलेले असते. दुखणे असते ते दुखावलेल्या तंतूंचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त जाणवते.

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी आपल्या धावपटूंना एक दिवस कष्टाचा, दुसरा हलका, असा क्रम घालून दिला होता. हलका म्हणजे शेजारच्याशी बोलत बोलत धावता येईल इतका. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावल्या. प्राथमिक फेरी १३ ऑगस्टला, अंतिम फेरी १५ ला. जगातल्या निवडक धावपटूंनाही मध्ये एक दिवस मोकळा दिला जातो, मग आपल्या पोराने रोज घड्याळ लावून का पळावे?

शिक्षकांना एक सोपी गोष्ट करता येईल. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मुलाने मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी आणि वहीत टिपावी. नेहमी ६० भरणारी नाडी दोन-तीन दिवस ७० च्या घरात राहिली, भूक मंदावली, अंग दमूनही झोप लागेना, तेच अंतर कापायला जास्त वेळ लागू लागला, की समजावे, विसावा कमी पडतो आहे. मुलाला वाटते आपलीच मेहनत कमी पडली, आणि ते आणखी धावते. खरा घात इथे होतो. अशा मुलाला आळशी म्हणू नका. चार दिवस हलके ठेवा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. पंपाला वीज काही वेळा रात्रीची असते. रात्रभर उसाला पाणी धरलेला मुलगा पहाटे वेगाने धावायला उतरला, तर त्याने एका दिवसात दोन दिवसांचे कष्ट केले. दारे धरणे, ऊसतोड, विहिरीवरची मजुरी हे सगळे सरावातच धरावे. त्या दिवशी झोप हाच व्यायाम. शिवाय शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय आहे, तेव्हा अंधारात एकट्याने धावण्यापेक्षा उजाडल्यावर जोडीने धावलेले बरे.

खाण्यासाठी महागडे डबे नकोत. धावून आल्यावर तासाभरात दूध-भाकरी, गूळ-शेंगदाणे, केळी, आणि घाम फार गेला असेल तर मीठ-साखरेचे पाणी. मुलींत रक्त कमी असण्याचे प्रमाण बरेच आहे. धाप लवकर लागत असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. सराव वाढल्यावर पाळी बंद झाली, तर ‘बरेच झाले’ म्हणून गप्प बसू नये. पोटाला कमी पडत असल्याचे ते बहुधा लक्षण असते. नडगीच्या हाडावर बोट ठेवावे तिथेच दुखत असेल, किंवा फार श्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर धावणे थांबवून डॉक्टरकडे जावे. लघवीच्या बाबतीत तर त्याच दिवशी.

भरती आठवड्यावर आली, की अंतर निम्म्यावर आणावे. थोड्या वेगवान धावा तेवढ्या ठेवाव्यात. शेवटच्या चार दिवसांत नवी ताकद येत नाही, असलेली मात्र जाऊ शकते. मैदानावर सकाळी लवकर हजर व्हावे लागते. रात्रीच्या एस.टी.त ताटकळत बसून उजाडता तिथे उतरण्यापेक्षा आदल्या दुपारीच निघावे, ओळखीच्या घरी चार घास खाऊन वेळेवर पाठ टेकावी.