किल्ली कोणाकडे आहे?

(वर्धा येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता, ‘सुरक्षित ई-मेल कोणता?’ पण कार्यक्रमाआधी बाहेर चहा घेताना हिंगणघाटच्या एका मुलाने जे विचारलं, तो खरा प्रश्न आहे. तो म्हणाला, “भाई, मी जीमेल सोडून प्रोटॉन घेतलं तर उलट माझ्यावरच संशय येईल का? नाव बघून?” शेवटचे दोन शब्द त्याने हळूच उच्चारले. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण आधी थोडं यंत्राबद्दल बोलू.

तुम्ही जीमेलवरून मेल पाठवता तेव्हा तो तुमच्या मोबाइलपासून गूगलच्या सर्व्हरपर्यंत कुलूपबंद जातो. वाटेत कॅफेवाला किंवा वाय-फायवाला तो वाचू शकत नाही. पण सर्व्हरवर पोहोचल्यावर त्या कुलपाची किल्ली गूगलकडे असते. कायदेशीर मागणी आली तर गूगल तो मजकूर देऊ शकतं. झोहोचंही साध्या वापरात तसंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी आपण झोहो मेल वापरायला लागल्याचं जाहीर केलं, आणि केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहोच्या व्यवस्थेवर गेल्याच्या बातम्या आल्या. कंपनी आपल्या देशातली आहे याचा अभिमान जरूर बाळगा. पण स्वदेशी असणं आणि खासगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोटॉन स्वित्झर्लंडची कंपनी. तिथे किल्ली तुमच्या पासवर्डला बांधलेली असते, त्यामुळे मेलमधला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. मात्र विषयाची ओळ, कोणी कोणाला पाठवला, केव्हा पाठवला, हे तिला दिसतं. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांचा आदेश आल्यावर प्रोटॉनने फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता दिला होता. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल बंद करण्यासाठी पावलं उचलायला केंद्राला सांगितलं. एका कंपनीतल्या महिलांबद्दलचे घाणेरडे मेल त्यावरून आले होते. आणि सगळ्यात साधी गोष्ट लोक विसरतात. तुम्ही प्रोटॉनवरून कॉलेजच्या जीमेलला साधा मेल पाठवला, की त्याची एक प्रत गूगलकडे गेलीच. मेलला दोन टोकं असतात. तुमच्या हातात एकच असतं.

म्हणून कंपनीचं नाव हा माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न. पहिला प्रश्न किल्लीचा. त्यासाठी फार लांब जायला नको, नागपूरपर्यंत जाऊ.

ॲड. सुरेंद्र गडलिंग नागपूरचे वकील, भीमा-कोरेगाव प्रकरणातले एक आरोपी. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल तपासणी करणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला की त्यांचा संगणक २० महिने हॅकरच्या ताब्यात होता, आणि त्यात कागदपत्रं बाहेरून घातली गेली. शिरकाव कसा झाला? मेलला जोडलेल्या फाइलमधून. एनआयएने हा अहवाल आरोपपत्राचा भाग नसल्याचं सांगत त्याला विरोध केला आहे. निकाल न्यायालय देईल, मी देणारा कोण? पण इंजिनिअर म्हणून मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. कुलूप कितीही भक्कम असो, फाइल तुम्हीच उघडली तर चोर घरातच आला.

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त बारीक आहे. जून २०२२ मध्ये ‘वायर्ड’ मासिकाने सेंटिनेलवन या कंपनीच्या संशोधकांच्या आधारे छापलं की रोना विल्सन, वरवरा राव आणि हनी बाबू या तिघांच्या मेल खात्यांना रिकव्हरीचा नवा ई-मेल पत्ता आणि फोन नंबर जोडले गेले होते, आणि त्यांचा संबंध पुण्यातल्या एका पोलीस अधिकाऱ्याशी लागतो. पासवर्ड विसरल्यावर कोड जिथे येतो तो हा पत्ता. तो ज्याचा, खातं त्याचं.

हे वाचलं त्या रात्री मी अब्बूंचा मोबाइल हातात घेतला. त्यांचं जीमेल खातं काही वर्षांपूर्वी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात उघडलं होतं, माझ्या बहिणीच्या शिष्यवृत्तीसाठी. रिकव्हरी नंबर त्या दुकानदाराचा! पासवर्डही त्यानेच ठेवलेला, अब्बूंच्या नावापुढे एक-दोन-तीन. दुकानदार भला माणूस, कधी काही गैर केलं नाही. पण आमच्या घरातली आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, बँकेचं पासबुक, सगळं त्या खात्यात होतं, आणि किल्ली चौकातल्या दुकानात. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, कंपनीत लोकांना सुरक्षेवर व्याख्यानं देणारा, आणि घरात हे. अब्बू म्हणाले, “बेटा, तू कभी पूछा ही नहीं.”

आता काही जण म्हणतील, आपल्याला लपवायचं काय आहे? हा आक्षेप वर्ध्यात तरी गांभीर्याने घ्यायला हवा, कारण सेवाग्राम इथून जवळच आहे. गांधीजींना गुप्तता मान्य नव्हती. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आश्रमात बसवून घेतलेला टेलिफोन तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिला असेल. फोनची तार इंग्रज सरकारची आणि बोलणारा त्याच सरकारच्या विरोधात लढणारा, हे त्या माणसाला जमत होतं. पण उघडं राहायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. दुसऱ्याचं पत्र फोडणाऱ्याला त्यातून परवानगी मिळत नाही. पत्र अडवण्याचा अधिकार सरकारने १८९८च्या पोस्टाच्या कायद्यातच घेऊन ठेवला होता. तो कायदा जाऊन २०२३चा नवा आला, अधिकार तसाच राहिला.

मेलसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. २००९च्या नियमांप्रमाणे आदेश देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा, कारण लेखी हवं, आदेश ६० दिवसांचा, वाढवला तरी १८० दिवसांच्या वर नाही. आदेशांचा आढावा समितीने घ्यायचा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार म्हटला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच तिथे नव्हता. म्हणजे कायद्यात दार आहे, दाराला कडीही आहे. कडी लावायची कोणी? आदेश देणारे सरकारी अधिकारी, आढावा घेणारेही सरकारी अधिकारी, आणि ज्याचा मेल वाचला त्याला पत्ताच नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

२०२१ मध्ये आपल्या विदर्भातले काँग्रेस नेते नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की त्यांचा फोन ऐकला गेला, आणि कागदावर नाव होतं ‘अमजद खान’. बच्चू कडू यांच्यासाठी ‘निजामुद्दीन बाबू शेख’ असं नाव वापरल्याचं समोर आलं. नंबर अमली पदार्थांच्या व्यवहाराशी जोडलेले दाखवले होते, असं सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे कोणाला दोषी म्हणायचा मला अधिकार नाही, आणि मी म्हणतही नाही. अमजद खान म्हटल्यावर आपल्याला आधी गब्बर आठवतो, हसूही येतं. पण ही हकिगत जशी सांगितली गेली तशी खरी असेल, तर सही करणाऱ्यासमोर अशी नावं आली आणि पुढे गेली. आपल्या नावाला प्रश्न कमी विचारले जातात, असं माझं अनुमान आहे. हिंगणघाटच्या त्या मुलाने आवाज खाली का आणला, ते मला यातून समजतं.

तरी माझं उत्तर असं: प्रोटॉन घे, बेकायदेशीर नाही. हजारो पत्रकार, वकील, कंपन्या असे मेल वापरतात. घाबरून जीमेलला चिकटून राहू नकोस, आणि प्रोटॉन घेतलं म्हणून निर्धास्तही होऊ नकोस. नोकरीचे अर्ज, कॉलेज, बँक यांना जीमेल पुरतं. कोणाचं घरगुती भांडण, तलाकची केस, आजारपण, पोलिसांविरुद्धची तक्रार, असलं काही लिहायचं असेल तर दोन्ही टोकांना कुलूप असलेलं साधन वापरा, आणि समोरच्यालाही ते घ्यायला लावा. अनोळखी माणसाची फाइल उघडू नका. ओळखीच्याची अचानक आली तर फोन करून विचारा. गडलिंगांच्या प्रकरणातही मेल ओळखीच्यांच्या नावानेच आले होते.

बोलणं पुरे. मोबाइल काढा. गूगल खातं, मग सुरक्षा. रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ई-मेल कोणाचा आहे तो वाचा. कुठल्या उपकरणांवर खातं उघडं आहे ते बघा, कॅफेतला संगणक दिसला तर काढून टाका. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन मेल दुसरीकडे फॉरवर्ड होतोय का ते तपासा. हे संगणकावरच दिसेल, माझा लॅपटॉप इथे आहे. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. ज्यांचं खातं दुकानात उघडलंय त्यांनी पुढे या, आधी तुमचं करू. आणि अम्मी-अब्बूंचा नंबर लावून ठेवा, त्यांच्याकडे कोड येईल.