परसातला पातेरा आणि वणवा

सावर्ड्याच्या परिसरात सध्या भाजावळीची लगबग आहे. कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पातेरा म्हणजे वाळका पाला आणि शेण पसरून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजायची, ही कोकणातली जुनी रीत. त्यातच परसात साठलेला आंबा-फणसाचा पालाही पेटवला जातो. पण वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पडली, दुपारचा वारा सुटला, की आग बांध ओलांडून शेजाऱ्याच्या काजूत शिरते. कलम जळून मेलं, तर नवं लावून उत्पन्न हाती यायला कितीतरी वर्षं जातात. हे नुकसान पैशांत भरून निघत नाही.

कायदा काय सांगतो? निष्काळजीपणे आग लावून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घातली. प्लास्टिक तर मुळीच पेटवू नका, त्याचा धूर विषारी असतो.

खरं तर पातेरा जाळण्याची गरजच नाही. खड्ड्यात शेणकाल्यासह कुजवला तर उत्तम खत होतं. भाजावळ करायचीच असेल, तर भोवतीचं गवत आधी साफ करा, वारा पडलेला असताना पेटवा, पाण्याच्या कळश्या जवळ ठेवा आणि राख थंड होईपर्यंत जागा सोडू नका. वणवा दिसल्यास वनविभागाला 1926 वर लगेच कळवा.