घर बांधण्यापूर्वी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यांपैकी लग्नाविषयी ज्ञातिसंस्थांनी पुष्कळ ठराव केले. घराविषयी मात्र आपण सामुदायिक विचार फारसा केलेला नाही. वस्तुतः लग्नाचा खर्च चार-दोन वर्षांत भरून निघतो. घराचा हप्ता पंधरा-वीस वर्षे पाठ सोडीत नाही आणि मुलांच्या शिक्षणाची वर्षे नेमकी त्याच काळात येतात. म्हणून नव्या घराची आखणी आणि त्याचे अंदाजपत्रक हा विषय आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहोत.

घर किती मोठे असावे, हा प्रश्न आपण प्रथम शेजाऱ्याच्या घराकडे पाहून सोडवितो. तो आपल्या थैलीकडे पाहून सोडविला पाहिजे. एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाने प्लॉट घेतल्यानंतर बांधकामासाठी चाळीस लाख रुपयांची तजवीज केली. गवंडीकामासह एकूण दर प्रत्येक चौरस फुटास २,००० रुपये धरला. दर गावोगावी निराळा असतो; हा केवळ हिशेबापुरता घेतला आहे. कुटुंबप्रमुखाने चाळीस लाखांस दोन हजारांनी भागले आणि २,००० चौरस फुटांचा नकाशा काढविला. हा भागाकार बिनचूक आहे. तथापि अंदाजपत्रक चुकले आहे.

कारण चाळीस लाखांतून आधी काही रकमा वजा करावयाच्या असतात. आकस्मिक खर्चासाठी दशांश, म्हणजे चार लाख. नकाशाची मंजुरी, वास्तुविशारदाचे मानधन, कागदपत्रे, नळ व वीज यांची जोडणी यांसाठी तीन लाख. कुंपणभिंत, पाण्याची टाकी, कपाटे, दिवे आणि वास्तुशांत यांसाठी पाच लाख. बारा लाख असे गेल्यावर अठ्ठावीस लाख उरतात आणि त्यांत १,४०० चौरस फूटच बसतात. वरचे सहाशे फूट हेच कर्जाचे मूळ. ते पुरे करण्यासाठी बारा लाख रुपये द. सा. द. शे. ९ व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीने काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,८०० रुपये पडतो आणि अखेरीस जवळजवळ २६ लाखांची परतफेड होते. तेच कर्ज पंधरा वर्षांत फेडावयाचे ठरविले, तर हप्ता सुमारे १२,२०० होतो, पण एकूण परतफेड २२ लाखांच्या आत राहते. महिन्याचे चौदाशे रुपये अधिक सोसले, तर चार लाख वाचतात. कर्ज काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ते पाहुण्यांच्या दिवाणखान्यासाठी काढावयाचे की मुलीच्या अभ्यासाच्या खोलीसाठी, एवढे मात्र आधी ठरवावे.

आता आखणीकडे वळू. आपल्या जुन्या वाड्यांत ओटी, माजघर, स्वयंपाकघर, परसू अशी एक व्यवस्था होती. ओटीवर बाहेरचा माणूस बसे, माजघरात घरचा वावर असे आणि चौकातून उजेड व वारा आत येई. वाडे गेले, पण त्यांतील तत्त्व जाण्याचे कारण नाही. दारात उभ्या असलेल्या अपरिचितास थेट स्वयंपाकघर दिसू नये, एका खोलीतून दुसरीत जाण्यासाठी तिसऱ्याची झोप मोडू नये, आणि प्रत्येक खोलीस निदान एका बाजूने मोकळी हवा लागावी, एवढे साधले तरी पुष्कळ साधले. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाळ्यात दुपारनंतर ऊन तापते, आणि आपल्याकडे पावसाची झड बहुधा नैर्ऋत्येकडून येते. तेव्हा त्या अंगास जिना, न्हाणीघर किंवा सामानाची खोली ठेवावी आणि खिडक्यांवर रुंद छज्जा काढावा.

न्हाणीघर, शौचकूप आणि स्वयंपाकघर शक्यतो एकमेकांस लागून, आणि मजला असल्यास एकावर एक असावीत. नळ कमी लागतात आणि पुढे गळती झाली, तर ती कोठे शोधावयाची हे कळते. जिन्याची पायरी साडेसहा-पावणेसात इंचांहून उंच नसावी. मजल्याची उंची १० फूट असेल, तर अठरा पायऱ्यांत हे जमते. जागा वाचविण्यासाठी बाराच पायऱ्या केल्या, तर प्रत्येक पायरी १० इंच उंच होते. तरुणपणी ती जाणवत नाही. साठीनंतर तीच पायरी माणसास वरच्या मजल्यावर कोंडून ठेवते. म्हणून तळमजल्यावर एक निजण्याची खोली आणि तिला लागून न्हाणीघर हवेच. त्या दोन्हींची दारे चाकांची खुर्ची जाईल एवढी रुंद असावीत. ज्यांच्या कष्टांवर घर उभे राहते, त्या आईवडिलांना त्याच घरात परावलंबी व्हावे लागू नये.

स्वयंपाकघराचा नकाशा पुरुषमंडळींनी परस्पर ठरवू नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ओट्याची उंची त्यापुढे उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या उंचीवरून ठरवावी. धान्याचे डबे, गॅसची टाकी, मिक्सर आणि वर्षाची साठवण यांची जागा आधी कागदावर मांडावी. नकाशा मंजुरीस देण्यापूर्वी तो प्लॉटवर फक्कीने आखून सर्व कुटुंबाने त्यातून एकदा चालून पाहावे. पलंग कोठे येईल, दार कोणत्या बाजूस उघडेल, हे तेथे उभे राहिल्यावर समजते. फक्कीची रेघ पुसावयास काहीच लागत नाही. उभी भिंत पाडून हलविण्यास मात्र दुप्पट खर्च येतो. त्याचप्रमाणे ९ इंची भिंतीच्या प्रत्येक दहा फूट लांबीत साडेसात चौरस फूट जागा जाते, हेही ध्यानात ठेवावे. पुढे वरचा मजला चढवावयाचा असेल, तर त्याचा भार धरूनच पाया आजच करावा लागतो.

पाण्याचाही हिशेब हवा. दरमाणशी दररोज १३५ लिटर या मानाने सहा माणसांना दोन दिवस पुरेल एवढे पाणी साठवावयाचे, तर १,६०० लिटरांहून मोठी टाकी लागते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६५,००० लिटर पाणी उतरते. ते गटारात सोडण्याऐवजी जमिनीत मुरविण्याची सोय पायाच्या कामाबरोबरच केली, तर ती स्वस्तात होते.

शेवटचा विषय नाजूक आहे, परंतु तो टाळणे योग्य नव्हे. घर दोन-तीन भावांच्या पैशाने उभे राहते, कागदावर मात्र एकाचेच नाव असते. बांधणारे हयात असेतो कोणी बोलत नाही; पुढच्या पिढीत चुलतभाऊ न्यायालयात भेटतात. कोणी किती रक्कम घातली आणि मालकीत कोणाचा वाटा किती, हे पाया खणण्यापूर्वीच वकिलाच्या सल्ल्याने कागदावर आणावे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. गावाकडील वडिलोपार्जित जमीन विकून शहरात घर उभारताना बहिणींना विचारणे हा केवळ उपचार नव्हे. तो त्यांचा हक्क आहे. भाऊबीज दरवर्षी ओवाळून घ्यावयाची आणि सही मात्र दाबून घ्यावयाची, हे आपल्या घराण्यांस शोभत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीत अभियंते आहेत, वकील आहेत, बँकेत सेवा केलेले निवृत्त बांधव आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार मंडळाच्या कार्यालयात बसून घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबांचे नकाशे, अंदाजपत्रके आणि कागद विनामूल्य पाहावेत, अशी आमची विनंती आहे. ज्ञातीच्या फंडातून प्रत्येकास घर बांधून देणे कोणत्याही मंडळास शक्य नाही. परंतु घर बांधताना कोणी कर्जात बुडू नये आणि कोणाचे घर फुटू नये, एवढी काळजी मंडळ निश्चित घेऊ शकते.