तालमीत मोठी माणसं हवीत



कुस्तीच्या बाबतीत 2025 साल आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला भरभरून देऊन गेलं. जानेवारीत श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंड यांनी वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत महिला महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाडिया पार्क मैदानावर पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. मार्चअखेर कर्जतला आणखी एक महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती वेताळ शेळके यांनी मारली. त्याआधी 2020 मध्ये अकोले तालुक्यातल्या हर्षवर्धन सदगीर यांनी ही गदा मिळवली होती. अंतिम कुस्ती संपताच हरलेल्या शैलेश शेळके यांना त्यांनी खांद्यावर उचलून घेतलं. दोघेही एकाच तालमीतले, वस्ताद काका पवारांचे पठ्ठे!

या मल्लांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण आज मला बोलायचं आहे ते गदेच्या वाटेला कधीच न जाणाऱ्या माणसाबद्दल. तो शिक्षक असेल, वायरमन असेल, दूध संकलन केंद्रावर काम करत असेल. विशीत त्यानं यात्रेच्या हगाम्यात चार कुस्त्या केल्या, लग्न झालं आणि लंगोट खुंटीला लागला. आता चाळिशी आली, पोट सुटलं, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. गावातल्या तालमीवरून तो रोज जातो, आत मात्र पाऊल टाकत नाही. आत पोरं असतात आणि पोरांत आपलं काय काम, असं त्याला वाटतं.

माझं म्हणणं असं की, हा माणूस आत आला नाही तर तालीम टिकत नाही. पोरं येतात आणि जातात. कुणी बारावीनंतर पुण्याला, कुणी भरतीला, कुणी कोल्हापूरच्या मोठ्या तालमीत. गावात राहतो तो हा चाळिशीचा गडी. माती वेळच्या वेळी उकरणं, वीजबिल भरणं, नव्या पोरावर नजर ठेवणं, हे करायला कायमचा माणूस लागतो. वस्ताद थकले की तालमीला कुलूप लागतं, कारण मधली पिढी केव्हाच घरी बसलेली असते.

हौद्याची माती एकदा जवळून पाहा. चाळलेली तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर. ती रोज फावड्यानं खालीवर करावी लागते, पाणी बेतानं मारावं लागतं. आठ दिवस हात लागला नाही तर ती दगडासारखी बसते आणि त्यावर पडलेल्याचा खांदा निखळतो. ही निगा पैसे देऊन विकत मिळत नाही. ज्याला त्याच मातीत उतरायचं आहे, तोच ती मनापासून करतो.

मोठ्या माणसाला आत आणायचं तर तालमीची रीत थोडी बदलावी लागेल. पहिल्याच दिवशी त्याला विशीतल्या पठ्ठ्यापुढं उभं केलं, तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. आधी डॉक्टरांचा सल्ला, मग सपाट्या, बैठका, मानेची मेहनत, आणि डाव शिकण्याआधी पडायला शिकणं. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतल्या एका देवळात, जेमतेम बारा चटयांच्या जागेत, ज्यूदोची शाळा काढली. ज्यूदोत आधी पडायचं कसं ते शिकवतात, पाडायचं कसं ते नंतर. शिवाय तिथे पायऱ्या आहेत. पट्ट्याचा रंग बदलतो आणि पन्नाशीच्या माणसालाही कळतं की आपण पुढं सरकलो. आपल्याकडं एक तर हगाम्यात इनाम, नाही तर काहीच नाही. ही मधली जागा आपण भरली पाहिजे. आज ढाक डाव नीट बसला, आज पाच मिनिटं दम टिकला, हे वस्तादानं चारचौघांत सांगावं. ज्याला स्पर्धाच हवी आहे, त्याच्यासाठी जागतिक कुस्ती संघटना पस्तिशीपुढच्या मल्लांची वेगळी स्पर्धा भरवते.

आता पैशाचं. बहुतेक तालमी एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा दानशूर माणसाच्या भरवशावर चालतात. त्यांचे उपकार आहेतच, पण त्यांचा हात आखडला की हौद्यावर गवत उगवतं. आपला जिल्हा सहकाराचा आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांकडून भाग गोळा करून साखर कारखाना उभा केला. तालमीलाही तेच लागू आहे. वर्गणी थोडी ठेवा, पण ती सगळ्यांनी भरावी आणि हिशेब भिंतीवर लावावा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलं, ते आजही चालू आहे. माणसं बदलली तरी संस्था उरली.

बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा. भाग्यश्रीच्या जिल्ह्यात तिशीतल्या बाईला तालमीत यायला संकोच वाटावा, ही गोष्ट मला खटकते. तिला गदा नको असेल. मोकळा श्वास, बळकट गुडघे आणि अंधारात एकटीनं चालायचा धीर हवा असेल. तेवढ्यासाठीही तालमीचं दार उघडं असायला हवं.

दुखण्याकडं दुर्लक्ष करू नका. अंगावर नायटा दिसला तर तो बरा होईपर्यंत मातीत उतरायचं नाही, मग तो वस्तादांचा मुलगा का असेना. गुडघा सुजला तर विश्रांती. चाळिशीत जो हे पाळेल, तोच साठीत मातीत दिसेल.

श्रोतेहो, तुमच्या गावची तालीम बंद असेल, तर किल्ली कुणाकडं आहे ते आजच विचारा. बरोबरीचे चार जण जमवा, येत्या शनिवारी मारुतीला नारळ फोडा आणि फावडं हातात घ्या. वस्ताद गावात असतील, तर त्यांना बोलवायला स्वतः घरी जा. ते नक्की येतील.