झीज पुसू नका



परीक्षेच्या वेळी गणिताचे सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, आठवतंय? ते सर म्हणजे माझे बाबा, आणि ते घड्याळ एचएमटी जनता. रोज सकाळी चावी द्यावी लागायची.

बाबा गेल्यावर ते बंद पडलं होतं. मी दुरुस्तीला दिलं आणि सांगितलं, "अगदी नव्यासारखं करा." घड्याळजींनी तसंच केलं. चकचकीत निळी तबकडी, नवे काटे, केसला पॉलिश. घरी आणलं तर आई म्हणाली, "हे कोणाचं?"

त्यानंतर मी जुनी घड्याळं बघायला शिकले. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. आज बाजारात जुन्या केसमध्ये नव्याने रंगवलेली तबकडी घातलेली एचएमटी भरपूर मिळतात. ओळखायची कशी? भिंग घ्या. मूळ छपाई बारीक, रेखीव असते. रंगवलेल्या तबकडीवर बहुधा अक्षरं जाड आणि मिनिटांच्या रेघा वाकड्या दिसतात. अंधारात चमकणारा रंग तबकडीवर तपकिरी आणि काट्यांवर पांढरा असेल, तर काटे बदललेले असण्याचीच शक्यता जास्त. जास्त पॉलिश केलेल्या केसच्या कडा गोलसर होतात. काचेवरचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका. ती ॲक्रिलिकची असेल तर घासून साफ होते. खऱ्या घड्याळाचे सगळे भाग एकमेकांच्या जोडीने म्हातारे झालेले असतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कोड बदलला तरी आधीची प्रत आम्ही जपून ठेवतो. बाबांच्या घड्याळाची जुनी तबकडी मात्र मी मागूनसुद्धा घेतली नाही. पुढे विचारायला गेले, तेव्हा ती सापडली नाही. आता बाबांच्या मनगटाची खूण उरलीय ती फक्त मागच्या झाकणावर. तिथे पॉलिश पोचलं नव्हतं.

आपल्या निधीतून शाळेचं नूतनीकरण होणार आहे. छप्पर, वायरिंग, स्वच्छतागृहं जरूर नवी करूया. पण जिन्याच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत. त्यांच्यावर फरशी बसवण्याआधी एकदा थांबूया. ती झीज आपल्याच पायांची आहे.