पंधरा दिवसांच्या दहा खाटा

(वर्ध्यातील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शहर नियोजनातला माणूस नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज मला वसतिगृहावर बोलायला उभं केलंय, कारण मागच्या बैठकीत मी एक प्रश्न विचारला होता. आपल्या समाजाचं वसतिगृह बांधायचं अशी चर्चा चालली होती. जागा कुठली, मजले किती, देणगीदार कोण, यावर दोन तास गेले. मी विचारलं, "दरवर्षी वर्ध्यात किती मुलं-मुली खोली शोधत येतात, हे कुणी मोजलंय का?" सगळे गप्प झाले. मग ठरलं, यालाच बोलू द्या.

आधी माझं सांगतो. मी आर्वीचा. अब्बूंचं शिवणकामाचं दुकान. बारावीनंतर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि वर्ध्यात खोली शोधायला आलो. "खोली किरायाने देणे आहे" अशी पाटी दारावर. मी नाव सांगितलं की उत्तर यायचं, "अरे, सकाळीच गेली." पाटी मात्र तिथंच. कुणी वाईट बोललं नाही, पण खोलीही दिली नाही. महिनाभर मी रोज आर्वी-वर्धा एसटीनं केलं. पहिल्या चाचणीत दोन विषय गेले. शेवटी हिंगणघाटच्या एका वर्गमित्रानं त्याच्या खोलीत मला घेतलं. घरमालक कुरकुरले. पंधरा दिवसांनी तेच मला दळण आणायला पाठवू लागले.

तीन वर्षांनी माझ्या बहिणीला फार्मसीला प्रवेश मिळाला, खोली मिळाली नाही. कॉलेजच्या वसतिगृहात जागा भरल्या होत्या. मुलीला रोज एवढा प्रवास करू द्यायला अम्मी तयार नव्हती. बहीण गावातच बी.ए. झाली. "माझं नशीब" असं ती म्हणते. मी म्हणतो, नशीब नाही, एक खाट कमी पडली.

आता या शहराकडे बघा. वर्धा आपोआप वाढलेलं गाव नाही. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी जिल्ह्याचं ठाणं म्हणून ते आखून वसवलं. म्हणजे आखणी या शहराला नवी नाही. पुढं १९६९ मध्ये सेवाग्रामला मेडिकल कॉलेज आलं. सावंगीला आणखी एक मेडिकल कॉलेज आणि मग अभिमत विद्यापीठ आलं. संसदेच्या १९९६ च्या कायद्यानं हिंदी विश्वविद्यालय आलं, त्यात बिहार, उत्तर प्रदेशापासूनचे विद्यार्थी येतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. एवढ्या लहान शहरानं एवढे विद्यार्थी अंगावर घेतले. संस्थांनी वसतिगृहं बांधली, पण ज्याला तिथं जागा मिळत नाही त्याचा विचार घरमालकाच्या मर्जीवर सोडला.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. सर्व्हर सरासरी दिवशी पडत नाही, गर्दीच्या तासाला पडतो. निकाल लागतो तेव्हाच वेबसाइट बंद पडते, एरवी ठीक असते. खोलीचंही तसंच आहे. प्रवेशाची फेरी लागते, हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. मुलगा बॅग घेऊन वर्धा स्टेशनवर उतरतो. त्याला गाव माहीत नाही, ओळख नाही, हातात पैसे कमी. याच पंधरवड्यात तो मिळेल ती खोली मिळेल त्या भावाला घेतो, नाहीतर घरी परततो. डिसेंबरात खोल्या मिळतात, पण तोवर तो परत गेलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं असं: मोठ्या इमारतीची वाट बघू नका. आधी उतरायची जागा करा. दहा खाटा, प्रत्येकाला पंधरा दिवस. प्रवेशाचा हंगाम दोन महिन्यांचा धरा. एका खाटेवर चार जण, दहा खाटांवर चाळीस. सगळे सारख्या अंतरानं येणार नाहीत, म्हणून तीसच धरा. त्याच दहा खाटा वर्षभरासाठी दिल्या तर दहाच जणांची सोय होते. मुलींसाठी वेगळं घर लागेल, बसस्टँडपासून जवळ, राहणारी बाई असलेलं. त्याला खर्च जास्त येईल, आणि तोच आधी करायचा. हंगाम संपला की परीक्षेच्या दिवसांत रोज ये-जा करणाऱ्या मुलींना त्याच खाटा द्या.

हे मी एकटाच म्हणत नाही. सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परवडणारी वसतिगृहं प्राधान्यानं करा असं सांगितलं, आणि लहान शहरांत मुलींसाठी ती विशेष हवीत असंही म्हटलं. वर्धा हे तसंच शहर आहे.

आता अवघड प्रश्न. या खाटा फक्त आपल्या मुलांसाठी ठेवायच्या का? बैठकीत एक चाचा म्हणाले, "आपलीच पोरं दारोदार फिरतात, दुसऱ्यांना कशाला?" त्यांचं दुखणं खरं आहे. पण महाराष्ट्राकडं याची दोन उत्तरं आहेत, दोन्ही ऐका.

पहिलं कोल्हापूरचं. शाहू महाराजांनी जातीजातींसाठी बोर्डिंगं उघडून दिली. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी झाली, महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले, मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना आधी दार हवं होतं. दुसरं साताऱ्याचं. कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं एकच वसतिगृह काढलं. मुलं मिळून स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजी ते बघायला गेले होते.

मी साताऱ्याच्या बाजूचा आहे, आणि कारण भावनेचं नाही, हिशेबाचं आहे. मला खोली कुणी मिळवून दिली? हिंगणघाटच्या मित्रानं. त्याच्या नावावर दार उघडलं आणि मी आत गेलो. त्या पंधरा दिवसांत ज्याच्या शेजारी तुमची खाट असेल, तोच पुढं तुमचा रूममेट होईल. गडचिरोलीचा आदिवासी मुलगा, समुद्रपूरची बौद्ध मुलगी, बिहारहून आलेला कुणी, हेसुद्धा "सकाळीच गेली" ऐकूनच आलेले असतात. आपण सगळे आपलेच जवळ ठेवले, तर पंधरा दिवसांनी सगळे मिळून त्याच बंद दारांसमोर उभे राहू.

तेव्हा तीन कामं सांगतो. एक, वही घाला. येत्या हंगामात प्रत्येक कॉलेजमधल्या दोघांनी नोंद ठेवायची: कोण आलं, कुठून, किराया किती परवडतो, खोली किती दिवसांत मिळाली, की परत गेला. नगरपालिकेकडं किंवा समाजकल्याणकडं जाताना भाषण नको, ही वही न्या. दोन, खोली मिळाली की लेखी करार मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तीन, ज्यांच्या घरात वरची खोली रिकामी आहे, त्यांनी दोन महिने द्यावी. इथं बसलेल्यांपैकी काहींच्या घरी ती आहे, मला माहीत आहे.

माझ्या बहिणीची मुलगी आता नववीत आहे. तिला फार्मसीच करायची आहे. आपल्याकडं तीन वर्षं आहेत. वही मी आणली आहे, पहिलं पान कोरं आहे. जाताना नाव आणि कॉलेज लिहून जा.