विज्ञान, घाई आणि स्वाभिमान



११ जानेवारी २०२० रोजी शांघायचे शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या गटाने कोरोना विषाणूची जनुकीय संहिता जगापुढे खुली केली. दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा ‘दुरुस्ती’साठी बंद करण्यात आली. पण ज्ञान मुक्त झाले होते. जगभर लसनिर्मिती सुरू झाली.

महामारीतील संशोधनाचे दुसरे रूप म्हणजे घाई. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ने ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविरोधी निबंध छापला. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी स्थगित केली. अमेरिकेतील ‘सर्जिस्फिअर’ने मूळ माहिती तपासू दिली नाही, ४ जूनला निबंध मागे घ्यावा लागला. पाश्चात्त्य नियतकालिकाचा शिक्का म्हणजे सत्य नव्हे.

मात्र तोच निकष आपल्यालाही लावला पाहिजे. या विषाणूत एचआयव्हीचे अंश असल्याचे सुचविणारा दिल्लीतील संशोधकांचा प्राथमिक निबंध टीकेनंतर दोन-तीन दिवसांतच मागे घेतला गेला.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू विलग केला आणि त्यातून भारत बायोटेकची ‘कोव्हॅक्सिन’ साकारली. ३ जानेवारी २०२१ रोजी तिला मान्यता मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष यायचे होते. शंका घेणारे सारेच देशद्रोही नव्हते. नोव्हेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्येच ७७.८ टक्के परिणामकारकता प्रसिद्ध झाली आणि त्या शंकेला उत्तर मिळाले. स्वदेशीचा खरा गौरव घोषणेने नव्हे, पुराव्याने होतो.